खलबतखान्यातून खलवतीकडे : इब्ने खल्दून यांची किल्ल्यातली वर्षे

'खलबत' हा शब्द मराठीत आपण कटकारस्थानासाठी वापरतो. बंद दाराआड चार माणसे बसली, काहीतरी शिजते आहे असे वाटले, की आपण म्हणतो, खलबते चालली आहेत. रायगडावर गेलो की वाटाड्या खलबतखाना दाखवतो. हा शब्द मूळचा अरबी, 'खलवत'. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दरबारांत आला आणि तिथून मराठीत मुरला. अरबीत त्याचा अर्थ एकांत. सूफी मंडळी गुहेत किंवा हुजऱ्यात चाळीस दिवस जगापासून अलग बसतात, तीही खलवतच. राजाला एकांत हवा असतो तो मसलतीसाठी, आणि दरवेशाला हवा असतो तो स्वतःसाठी. शब्द एकच राहिला, पण आपल्याकडे येईपर्यंत त्यातला दरवेश गळून पडला आणि दरबार तेवढा उरला.

या शब्दाचा विचार करताना मला नेहमी एक माणूस आठवतो, ज्याने हा प्रवास उलट्या दिशेने केला. वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत तो खलबतांत होता. मग 1375 साली एके दिवशी वाट सोडून एका कबिल्याच्या आश्रयाला गेला आणि ओसाड मुलखातल्या एका किल्ल्यात जवळपास चार वर्षे राहिला. तिथे त्याने जे लिहिले, ते आज जगभरातल्या विद्यापीठांत वाचले जाते. हा माणूस म्हणजे अब्दुर्रहमान इब्ने खल्दून, आणि तो ग्रंथ म्हणजे 'मुकद्दिमा'.

इब्ने खल्दून यांच्यावर मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. समाजशास्त्राचे जनक, अर्थशास्त्राचे आद्य विचारवंत अशी विशेषणे आपण अभिमानाने लावतो. पण हा ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला, तो निवांतपणा त्यांना कोणी दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याकडे सहसा लक्ष जात नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

वीस वर्षांची चाकरी

इब्ने खल्दून यांचा जन्म 27 मे 1332 रोजी ट्युनिसमध्ये झाला. त्यांचे घराणे मूळचे यमनच्या हजरमौत भागातले. पुढे ते अंदलूसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, इश्बीलिया (सेव्हिल) शहरात स्थिरावले. 1248 मध्ये ते शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात जाण्याआधीच घराणे समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले. गेलेल्या शहराची आठवण आणि विद्येची परंपरा, ही दोन्ही घरात होती.

ते सोळा-सतरा वर्षांचे असताना प्लेगची महाभयंकर साथ आली. युरोपात जिला 'काळा मृत्यू' म्हणतात, तीच ही साथ. तिने त्यांचे आईवडील नेले, बरेचसे उस्तादही नेले. कोविडच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी घरातली माणसे गमावली आहेत. त्यामुळे त्या पोरक्या तरुणाच्या मनात काय झाले असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पुढे मुकद्दिमात त्यांनी या साथीबद्दल लिहिले. जणू सगळी सृष्टीच बदलून नव्याने घडली, आणि म्हणून हा बदल टिपणारा कोणीतरी हवा, असा त्यांचा सूर आहे.

पहिली नोकरी ट्युनिसच्या दरबारात मिळाली. सुलतानाच्या फर्मानावर वरच्या बाजूला सुंदर अक्षरात अल्लाहच्या स्तुतीचे ठरावीक शब्द लिहायचे, एवढेच काम. तिथून ते मोरोक्कोतल्या फेस शहरात मरिनी सुलतान अबू इनान यांच्याकडे गेले. तिथे कटात सामील असल्याच्या संशयावरून 1357 मध्ये कैद झाली. सुमारे एकवीस महिन्यांनी सुलतान मरण पावला, तेव्हा कुठे ते बाहेर आले. मग 1362 च्या अखेरीस ग्रॅनडा. तिथल्या सुलतानाचे दूत म्हणून ते 1364 मध्ये सेव्हिलला गेले, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या शहरात. तिथला राजा पेद्रो याने त्यांना ठेवून घ्यायची तयारी दाखवली, घराण्याची जुनी मालमत्ताही परत देऊ केली. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

1365 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या बिजाया शहरात ते 'हाजिब' झाले, म्हणजे जवळपास प्रधानमंत्री. वर्षभरात त्यांच्या अमीराला चुलतभावाने, कुसन्तीनाच्या अबुल अब्बास यांनी, लढाईत मारले. इब्ने खल्दून यांनी शहर त्या विजेत्याच्या स्वाधीन केले, काही दिवस त्याचीही चाकरी केली आणि वारे फिरलेले दिसताच निसटले. पुढची काही वर्षे वाळवंटाच्या कडेला बिस्करा इथे गेली. आज तिलिमसानच्या सुलतानासाठी, तर उद्या त्याच्या शत्रूसाठी, अरब कबिल्यांना आपल्या बाजूला वळवायचे, हा त्यांचा उद्योग. तंबूतंबूंत बसायचे, कोणाचे वैर कोणाशी, कोणाची सोयरीक कोणाकडे, हे जाणून घ्यायचे आणि फौज उभी करायची. आपल्याकडच्या वकिलांनी आणि कारभाऱ्यांनी असेच काम केले आहे.

ट्युनिस, फेस, ग्रॅनडा, बिजाया, कुसन्तीना, तिलिमसान असे सहा दरबार झाले. ज्या सुलतानांची मीठ-भाकरी खाल्ली त्यांतले काही मारले गेले, काही पदच्युत झाले. इब्ने खल्दून यांच्यावर संधिसाधूपणाचा आरोप अनेक अभ्यासकांनी केला आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते महत्त्वाकांक्षी होते. पण हेही दिसते की एकांताची ओढ त्यांना आधीपासून होती. 1370 मध्ये तिलिमसानजवळच्या अल-उब्बाद इथे, थोर सूफी अबू मदयन यांच्या दर्ग्याजवळ, ते इबादतीसाठी जाऊन राहिले होते. मरिनी सुलतानाने तिथूनही त्यांना बोलावून घेतले आणि पुन्हा कबिल्यांकडे पाठवले. राजकारणातून बाहेर पडायचे म्हटले तरी राजकारण बाहेर पडू देत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले असावे.

वाट सोडली

ग्रॅनडात असताना त्यांची एक जिवलग मैत्री जुळली होती. वजीर लिसानुद्दीन इब्नुल खतीब हे कवी, इतिहासकार आणि वैद्य होते, अंदलूसचे त्या काळातले सर्वांत मोठे लेखक. पुढे तेही दरबारी राजकारणात सापडले, पळून मोरोक्कोत गेले. तिथे त्यांच्यावर धर्मद्रोहाचा आरोप ठेवला गेला आणि फेसच्या तुरुंगात गळा दाबून त्यांना मारण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी इब्ने खल्दून यांनी खटपट केली होती. 1375 च्या सुमारास ते स्वतः पुन्हा ग्रॅनडाला आश्रयासाठी गेले, तेव्हा हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. फेसच्या राज्यकर्त्यांनी त्यांच्या कुटुंबाला त्यांच्याकडे जाऊ दिले नाही आणि ग्रॅनडाच्या सुलतानाने त्यांना गलबतात बसवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परत धाडले.

मागे फेस, पुढे तिलिमसान. तिलिमसानच्या अबू हम्मू सुलतानाचा त्यांच्यावर जुना राग होता. तरी मध्यस्थांच्या रदबदलीने माफी मिळाली, आणि लगेच कामही मिळाले. अरबांच्या दवाविदा कबिल्याकडे जा आणि त्यांना आमच्या बाजूने वळवा, म्हणजे पुन्हा तेच. 'नाही' म्हणायची सोय नव्हती. त्यांनी वरकरणी होकार दिला, शहराबाहेर पडले आणि अर्ध्या वाटेवर घोडा वळवला. ते औलादे आरिफ, म्हणजे आरिफच्या वंशजांच्या मुक्कामावर गेले.

हे लोक सुवैद कबिल्याचे सरदार होते. त्यांनी पाहुण्याला मानाने उतरवून घेतले. तिलिमसानहून त्यांची बायकामुले सुखरूप आणवली. सुलतानाकडे निरोप पाठवला की इब्ने खल्दून यांना हे काम जमणार नाही, त्यांना माफी असावी. आणि राहायला आपला किल्ला दिला. त्याचे नाव कलअत इब्ने सलामा. आजच्या अल्जीरियाच्या तियारेत प्रांतात, फ्रेंदा गावाजवळ त्याची जागा दाखवतात. हा भाग उंच पठाराचा. मोठ्या शहरांपासून, बंदरांपासून आणि दरबारांपासून दूर. जवळच्या गुहांना लोक आजही इब्ने खल्दून यांच्या गुहा म्हणतात. पण त्यांचे स्वतःचे आत्मवृत्त सांगते ते चांगल्या बांधलेल्या घराबद्दल. माणूस थोर झाला की लोक त्याला गुहेत नेऊन बसवतात, तसे हे असावे.

निवांतपणाचे काम

आत्मवृत्तात ते या काळाबद्दल फार थोडके लिहितात. सगळ्या व्यापांतून मोकळा होऊन मी इथे राहिलो आणि ग्रंथाला हात घातला, असा त्याचा आशय. दरबारांच्या भानगडींवर पानेच्या पाने लिहिणारा हा माणूस आयुष्यातल्या सर्वांत फलदायी वर्षांवर मोजक्या ओळी खर्च करतो. त्यात कारस्थान नव्हते, पाठलाग नव्हता. सांगण्यासारखे काही घडलेच नाही, आणि तेच हवे होते.

त्या ओळींत त्यांनी एक उपमा दिली आहे. शब्द आणि विचार यांचा डोक्यात पाऊस पडत राहिला आणि ताक घुसळून लोणी यावे तसे सार वर आले, असे काहीसे ते सांगतात. शेळ्यामेंढ्या आणि उंट पाळणाऱ्या लोकांमध्ये राहणाऱ्याला ही उपमा सहज सुचली असणार. आपल्या आजीच्या घरी रवी घुसळताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती सांगावी लागत नाही. लोणी शेवटी एकदम येते, पण त्याआधी दूध तापवणे, विरजण, रात्रभराची वाट, हे सगळे असते.

मुकद्दिमा त्यांनी पाच महिन्यांत लिहून काढला, हिजरी 779 च्या मध्यावर, म्हणजे 1377 च्या नोव्हेंबरच्या सुमारास. ही गोष्ट चमत्कारासारखी सांगितली जाते. पण ते किल्ल्यात आले 1375 मध्ये. म्हणजे पाच महिन्यांच्या लेखनाआधी शांतपणाचा मोठा काळ आहे आणि त्याच्याही मागे दरबारांत आणि तंबूंत काढलेली वीस वर्षे आहेत. दूध तिथे गोळा झाले होते. किल्ल्याने दिली ती घुसळायला उसंत.

या एकांतात त्यांनी स्वतःच्या अपयशाचा एक वेगळा उपयोग केला. वीस वर्षे ज्यांच्या पाठीशी उभा राहिलो ती राज्ये टिकत का नाहीत, हा प्रश्न कडवटपणे विचारता आला असता. अमुक सुलतान कृतघ्न, तमुक वजीर कपटी, अशी यादी करता आली असती. त्यांनी माणसांची नावे बाजूला ठेवली आणि विचारले, की राज्य उभे राहते तेच मुळात कशाने? आणि कोसळते ते कोणत्या नियमाने? त्यातून त्यांनी एका नव्या विद्येची मांडणी केली. तिला ते 'इल्मुल उमरान' म्हणतात, म्हणजे माणसांच्या वस्तीचे, समाजाचे शास्त्र.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. इतिहासकार ऐकीव गोष्टी पुढे ढकलतात, कारण समाज कसा चालतो हे त्यांना ठाऊक नसते. उदाहरण म्हणून ते हजरत मूसा (अलै.) यांच्या सैन्याची गोष्ट घेतात. मसऊदीसारख्या मोठ्या इतिहासकाराने ही संख्या सहा लाख दिली आहे. इब्ने खल्दून विचारतात, एवढी फौज त्या मुलखात मावणार कुठे, खाणार काय, आणि लढताना तिच्या एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळणार कसे? हजरत याकूब ते हजरत मूसा यांच्यात पिढ्या किती, चार. चार पिढ्यांत एवढी माणसे होतात का? मोठ्या नावाचा आदर राखूनही आकडा तपासायचा, ही शिस्त त्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच घालून दिली. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या इतिहासाला, मग तो आपला गौरव करणारा असो की बदनामी करणारा, हीच कसोटी लावायला हवी.

मग येतो त्यांचा गाजलेला विचार, 'असबिया'. कबिल्यातल्या माणसांना एकमेकांसाठी उभे करणारी ही एकजुटीची भावना. रक्ताच्या नात्यातून ती येते, पण मैत्री, आश्रय आणि करारातूनही येते. कडक मुलखात राहणाऱ्यांची असबिया घट्ट असते, म्हणून ते शहरातली राज्ये जिंकतात. जिंकल्यावर आरामाची सवय लागते. पहिल्या पिढीने जे सोसून मिळवले ते दुसरी पिढी पाहून शिकते आणि तिसरी विसरून जाते. चाळीस वर्षांची एक पिढी धरली तर साधारण एकशेवीस वर्षांत घराणे थकते. करांबद्दलही ते सांगतात, की राज्याच्या आरंभी कराचे दर कमी असूनही तिजोरी भरते, आणि शेवटी दर वाढूनही ती रिकामी राहते, कारण माणसांची कमावण्याची उमेदच मरते. मुलांना शिकवताना मारझोड केली तर ती खोटे बोलायला शिकतात, हेही याच ग्रंथात आहे.

एकांत कोणाच्या जिवावर?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुकद्दिमात ते लिहितात, की वाळवंटात राहणे असबिया असलेल्या कबिल्यालाच शक्य आहे. एकट्यादुकट्याचा तिथे निभाव लागत नाही. हे वाक्य लिहिणारा स्वतः त्याच मुलखात चार वर्षे बिनधास्त राहत होता. त्याच्याकडे ना फौज, ना हुद्दा, ना त्या भागात भाऊबंद. त्याला मागणारा सुलतान दोन-चार दिवसांच्या वाटेवर बसला होता. तरी कोणी त्याच्या केसाला धक्का लावला नाही, कारण तो आरिफच्या लेकरांचा पाहुणा होता. मुकद्दिमा ज्या असबियेबद्दल आहे, तिच्याच आश्रयाने तो लिहिला गेला.

यात एक अवघड गोष्टही आहे आणि ती लपवू नये. याच ग्रंथात अरब भटक्यांबद्दल फार कडक प्रकरणे आहेत. ते ज्या मुलखात शिरतात तो उजाड होतो, असे ते म्हणतात आणि अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेत आलेल्या बनू हिलाल कबिल्यांचा दाखला देतात. आणि सुवैद, म्हणजे ज्यांच्या छपराखाली हे लिहिले जात होते, ते याच बनू हिलालांच्या एका शाखेचे. खाल्ल्या मिठाला हा माणूस जागला नाही, असे कोणी म्हणू शकेल.

मला दोन गोष्टी वाटतात. एक म्हणजे इब्ने खल्दून यांच्या लेखनात 'अरब' हा शब्द बऱ्याचदा वंशासाठी नसून तंबूत राहणाऱ्या, उंट घेऊन फिरणाऱ्या लोकांसाठी येतो. याच लोकांच्या शौर्याची, साधेपणाची आणि चांगुलपणाची स्तुतीही त्याच ग्रंथात आहे. शहरी माणूस तटबंदीच्या भरवशावर झोपतो, भटका स्वतःच्या भरवशावर जागतो, अशा अर्थाचे ते लिहितात. दुसरी गोष्ट यजमानांची. पाहुणा काय लिहितो आहे, आपल्याबद्दल बरे की वाईट, हे पाहून त्यांनी त्याची भाकरी ठरवली नाही. दरबारात लेखकाला शब्दाशब्दाची किंमत मोजावी लागते. इथे ती मोजावी लागली नाही.

पुढे या प्रकरणांचे काय झाले तेही सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात अल्जीरिया फ्रेंचांच्या ताब्यात असताना इब्ने खल्दून यांच्या ग्रंथांची फ्रेंच भाषांतरे झाली, आणि अरब म्हणजे लुटारू, बर्बर म्हणजे मूळचे सज्जन रहिवासी, अशी फूट पाडायला वसाहतवाद्यांनी त्यांचा सर्रास वापर केला. चौदाव्या शतकातले समाजाचे विश्लेषण एकोणिसाव्या शतकात राज्य करायचे हत्यार झाले. आपल्याकडच्या बखरींचे आणि तवारिखांचे असेच काही झाले आहे, ते वाचकांना माहीत आहे. आणि फ्रेंच राजवटीत त्याच फ्रेंदा गावात 1910 मध्ये जाक बेर्क जन्मले. पुढे ते अरब जगाचे मोठे अभ्यासक झाले आणि उत्तर आफ्रिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले.

एकांताची किंमत मोजणारे आणखी एक माणूस त्या किल्ल्यात होते. तिलिमसानहून आलेली त्यांची पत्नी. आत्मवृत्तात तिच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. नवरा कैदेत, नवरा परमुलखात, नवरा पळालेला, स्वतः शत्रूच्या शहरात अडकलेली, अशी तिची वर्षे गेली होती. त्या चार वर्षांत बहुधा पहिल्यांदाच सगळे कुटुंब सलग एका छपराखाली राहिले. 'व्यापांतून मोकळा' असे पुरुष लिहितो, तेव्हा घरातला व्याप कोणीतरी उचललेला असतो. प्रेषित मुहम्मद (स.) हिरा गुहेत एकांतासाठी जात, तेव्हा शिदोरी संपली की हजरत खदीजा (र.) यांच्याकडे परत येत आणि पुन्हा शिदोरी घेऊन जात, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. हिराची आठवण काढताना ती शिदोरी बांधणारे हातही आठवावेत.

परतीची वाट

एवढे सुख होते तर ते किल्ला सोडून का गेले? ते स्वतःच कारणे सांगतात. एक, आजारपण. दुखणे इतके वाढले की जीव जाण्याची वेळ आली. दुसरे, पुस्तके. मुकद्दिमा आठवणीवर आणि अनुभवावर लिहिता आला. पण अरब, बर्बर आणि जनाता घराण्यांचा सविस्तर इतिहास लिहायचा तर ग्रंथ आणि दप्तरे पाहायला हवीत, आणि ती शहरातच मिळतात. प्रश्न एकांतात सापडला, पण उत्तराचे पुरावे कुतुबखान्यात होते.

शहर म्हणजे ट्युनिस, त्यांचे जन्मगाव. आणि तिथे राज्य होते त्याच अबुल अब्बास यांचे, ज्यांच्या हाती त्यांनी बारा वर्षांपूर्वी बिजाया दिले होते आणि ज्यांच्याकडून ते निसटले होते. इब्ने खल्दून यांनी त्यांना पत्र लिहून परतण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. 1378 च्या अखेरीस ते ट्युनिसला पोहोचले.

त्याच सुमारास तिलिमसानमध्ये त्यांचे धाकटे बंधू याह्या इब्ने खल्दून यांचा खून झाला. तेही इतिहासकार होते, तिलिमसानच्या राजघराण्याचा इतिहास त्यांनी लिहिला आहे. ते दरबारात चिटणीस म्हणून राहिले होते आणि दरबारी कटातच त्यांचा बळी गेला. एकाच आईची दोन मुले, दोघेही इतिहास लिहिणारे, एक खलबतात राहिला आणि एक खलवतीत गेला. नशिबाचा भाग यात मोठा आहे. पण आरिफच्या लोकांनी तेव्हा दार उघडले नसते, तर थोरल्याची गत धाकट्यासारखी किंवा मित्र इब्नुल खतीब यांच्यासारखी होणे अजिबात अशक्य नव्हते, आणि मुकद्दिमा लिहिलाच गेला नसता.

पुढचे आयुष्य शांततेत गेले असे नाही. ट्युनिसमध्ये विरोधक उभे राहिले. 1382 मध्ये हजचे निमित्त सांगून ते इजिप्तला गेले. कैरोत त्यांना मान मिळाला, त्यांनी अल-अजहरमध्ये शिकवले, ते मालिकी काजी झाले. 1384 मध्ये त्यांच्याकडे येणारे त्यांचे कुटुंब अलेक्झांड्रियाजवळ जहाज बुडून गेले. त्या किल्ल्यात ज्यांच्यासोबत चार वर्षे काढली, ती माणसे समुद्राने नेली. 1401 मध्ये तैमूरने दमास्कसला वेढा घातला, तेव्हा सत्तरीकडे झुकलेले इब्ने खल्दून दोराने तटावरून खाली उतरले आणि त्याला भेटले. काजीपद सहा वेळा मिळाले आणि गेले. या सगळ्या धबडग्यात एक काम मात्र अखेरपर्यंत थांबले नाही. मुकद्दिमात ते सुधारणा करत राहिले, नवे ज्ञान भरत राहिले. 17 मार्च 1406 रोजी कैरोत त्यांचे निधन झाले आणि बाबुन्नस्र दरवाजाबाहेर सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले गेले.

आपल्यासाठी

हल्ली एकांत विकत मिळतो. सह्याद्रीत, कोकणात 'दोन दिवस शांततेचे' अशा जाहिराती दिसतात आणि दमलेल्या माणसाला त्यांचा मोह पडतो. त्यात वाईट काही नाही. मात्र ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनाच तो मिळतो. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, लहान मूल रडत असते आणि एक मुलगी पलंगाखाली पाय घेऊन एमपीएससीचा अभ्यास करत असते. तिला कुठली खलवत?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कोणीतरी मशिदीत एतिकाफला बसतो. हनफी मसलकाप्रमाणे ही संपूर्ण मोहल्ल्याची जबाबदारी असते. कोणीच बसले नाही तर दोष सगळ्यांवर, आणि एक जण बसला तरी सगळ्यांच्या वतीने ती पार पडते. लहानपणी आमच्या मशिदीत एक म्हातारे चाचा दर वर्षी बसत. सहरीला कोणाच्या घरचा डबा जायचा, इफ्तारला कोणाची खजूर, याची पाळी ठरलेली असे. ते डबे पोहोचवायचे काम आम्हा पोरांकडे होते. चाचा पडद्याआड बसत आणि अख्खा मोहल्ला त्यांचा एकांत सांभाळत असे. तेव्हा त्यात काही विशेष वाटत नसे. इब्ने खल्दून वाचल्यावर वाटते, की असबिया म्हणतात ती हीच.

आपण जलसे करतो, वर्गणी काढून रोषणाई करतो. त्याच वर्गणीतून मशिदीच्या किंवा जमातखान्याच्या वरच्या मजल्यावर एक शांत खोली काढता येईल. चार टेबले, एक पंखा, पुस्तकांचे एक कपाट, आणि मुलींसाठी वेगळी वेळ असेल तर तीही ठरवावी. तिथे बसणारा काय लिहितो, काय वाचतो, आपल्या बाजूचे की विरुद्धचे, हे कोणी विचारू नये. सुवैदच्या सरदारांनी नव्हते विचारले.